काचेवरचे पांढरे डाग

इंदुरात उन्हाळ्याच्या दिवसांत सकाळी धुऊन अंगणात उभी केलेली मोटार पाहता पाहता कोरडी होते, आणि तिच्या काचांवर वाटोळ्या, पांढुरक्या कड्यांची नक्षी उमटते. मालक ओले फडके फिरवतो. डाग नाहीसे झाल्यासारखे दिसतात, परंतु काच वाळताच ते पुन्हा हजर होतात. दोन-चार वेळा असे झाले म्हणजे फडक्याच्या जागी भांडी घासण्याची तारेची घासणी येते, आणि काचेचे खरे नुकसान तेथून सुरू होते. पाण्याने पाडलेला डाग बहुधा निघतो. घासणीने पाडलेला ओरखडा बहुधा निघत नाही.

हा प्रश्न केवळ शोभेचा असता तर त्यावर शब्द खर्च करण्याचे कारण नव्हते. दिवसा ज्या डागांकडे लक्षही जात नाही, तेच रात्री घात करतात. समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांचा प्रकाश डागाळलेल्या काचेवर पडला की प्रत्येक डाग तो चहूकडे विखुरतो, आणि चालकाच्या डोळ्यांपुढे धुक्यासारखा पडदा उभा राहतो. आग्रा-मुंबई रस्त्यावर अशा वेळी बाजूने चालणारा सायकलस्वार एक क्षण दिसेनासा झाला, तर तो एक क्षणही पुष्कळ झाला.

डागाचे मूळ पाण्यात आहे. १९७८ साली नर्मदेचे पाणी विंध्याचा चढ चढून इंदुरात आले. तत्पूर्वी शहराची तहान बिलावली, यशवंतसागर यांसारख्या तलावांवर आणि विहिरींवर भागत असे. आजही अनेक घरांत पिण्याला नर्मदा आणि धुण्याला बोअरवेल अशी वाटणी असते. बोअरवेलचे पाणी माळव्याच्या काळ्या कातळातून, म्हणजे बेसॉल्टच्या भेगांतून, हळूहळू झिरपून येते. वाटेत ते खडकातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेते. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून शाळेच्या पुस्तकांत त्यास दुष्फेन पाणी असे यथार्थ नाव दिलेले आहे. गिझरच्या कांबीवर बसणारा चुनखडीचा थर, कूलरच्या गवतावर चढणारी पांढरी पुटे आणि मोटारीच्या काचेवरील कडी ही एकाच कुळातील मंडळी होत.

पाणी उडून जाते, परंतु त्यात विरघळलेले क्षार त्याच्याबरोबर उडत नाहीत. थेंब वाळताना कॅल्शियमचा काही भाग कार्बोनेटच्या, म्हणजे चुनखडीच्या, रूपाने काचेवर बसतो. डाग कड्याच्या आकाराचा का होतो, हेही पाहण्याजोगे आहे. थेंबाची कड पातळ असल्यामुळे तेथील पाणी आधी उडते, तिची उणीव भरून काढण्यासाठी मधले पाणी कडेकडे वाहते, आणि जाताना आपल्याजवळचे क्षार तेथे नेऊन टाकते. टेबलावर सांडलेल्या चहाच्या थेंबाची कड अधिक गडद असते, त्याचेही कारण हेच.

आता डागांतील भेद. ताजा डाग बहुतांशी चुन्याचा असतो आणि तो आम्लाने सहज विरघळतो. पण बेसॉल्टातून आलेल्या पाण्यात चुन्याखेरीज सिलिकाही असते. ती काचेचीच सोयरी. एकदा काचेवर वाळून घट्ट झाली की लिंबाला ती दाद देत नाही. तिसरा प्रकार सर्वांत वाईट. काच वाळू, सोडा आणि चुना ह्यांपासून बनलेली असते. तिच्यावर क्षारयुक्त थेंब पुनःपुन्हा साचून वाळत राहिले, तर पृष्ठभागातील सोडियम पाण्यात उतरते, पाण्याचा अल्कधर्मीपणा वाढतो, आणि ते पाणी काचेच्या सिलिकेवरच हल्ला चढवते. तेथे काचेवर काही चिकटलेले नसते. काचच झिजलेली असते.

हे भेद ओळखण्यास प्रयोगशाळा नको. काच साबणाने धुऊन कोरडी करावी आणि डागावरून नख अलगद फिरवावे. नखाला खरखर लागली तर वर थर आहे. नख सरळ सरकले आणि डाग तरीही दिसतो, तर बहुधा काच खाल्ली गेली आहे.

थर असेल तर पांढरे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस पुरे. मोटार सावलीत घ्यावी, काच थंड होऊ द्यावी, आणि व्हिनेगरात भिजवलेले सुती कापड डागांवर दहा-पंधरा मिनिटे चिकटवून ठेवावे. काम आम्ल करते, मनगट नव्हे. म्हणून ह्या वेळात घासण्याची घाई नको. नंतर भरपूर पाण्याने धुवावे. ओघळ मात्र खाली पडू देऊ नयेत. पोर्चमध्ये संगमरवर किंवा कोटा फरशी असेल तर तीही चुनखडीच्याच जातीची, आणि काचेवरील डाग काढताना फरशीवर डाग पाडून घेतल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

व्हिनेगरने काम झाले नाही म्हणून न्हाणीघरातील ॲसिडची बाटली आणणे हा शुद्ध अविचार होय. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा छातीत जातात, आणि ते चकचकीत धातूच्या पट्ट्या खाऊन टाकते. त्याहून भयंकर म्हणजे काही औद्योगिक द्रवांतील हायड्रोफ्लोरिक आम्ल. ते काच खाते, त्यामुळे डागही जातो. परंतु हातावर पडल्यास पुष्कळदा लगेच वेदना होत नाही, आणि ते कातडीतून आत शिरून रक्तातील व हाडांतील कॅल्शियम बांधून टाकते. हृदयावरही त्याचा परिणाम होऊ शकतो. नाव-घटक न छापलेल्या बाटलीतील 'काच साफ करण्याचे पाणी' गाड्या धुणाऱ्या पोराच्या उघड्या हातात देणाऱ्याने एवढे तरी जाणून असावे.

सिलिकेचा थर किंवा किंचित झिजलेली काच ह्यांवर उपाय आहे तो सेरियम ऑक्साइडच्या भुकटीचा. सेरियम हे दुर्मिळ मृदा म्हणविणाऱ्या वर्गातील मूलद्रव्य १८०३ मध्ये शोधले गेले. ते मोनाझाइटमध्ये मिळते, आणि हे खनिज आपल्याकडे केरळ-तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील वाळूत आहे. ही भुकटी काचेला केवळ खरवडत नाही. ओलाव्याने किंचित मऊ झालेल्या काचेच्या पृष्ठभागाशी तिच्या कणांचा रासायनिक बंध जुळतो, आणि कण पुढे सरकताना सिलिकेचा सूक्ष्म अंश बरोबर घेऊन जातात. म्हणून काच घासली जाते तरी ओरखडत नाही. तिच्या आधी हे काम लोखंडाचे तांबडे ऑक्साइड, म्हणजे गेरूचा भाऊबंद, करीत असे. १९५९ साली पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून ती सपाट करण्याची रीत जाहीर केली. तोपर्यंत उत्तम सपाट काच वाळूने घासून आणि ह्या तांबड्या भुकटीने चमकवून तयार होई. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) ह्यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेच्या ड्यूसेनबर्गवर इंग्लंडच्या गर्नी नटिंगकडून साज चढवून घेतला, तो काळ ह्याच रीतीचा होता.

भुकटी पाण्यात कालवून दाट दुधासारखी करावी आणि नमद्याच्या चकतीने, यंत्र हळू फिरवून, काचेवर चालवावी. भोवतालचा रंग आणि रबर कागदी पट्टीने झाकावे. वाळलेली भुकटी रबराच्या खाचांतून काढणे जिकिरीचे असते. मिश्रण सुकू देऊ नये, काच तापू देऊ नये, आणि एकाच जागी रेंगाळू नये. एकाच ठिकाणी खळगा पडला तर काच तेथे भिंगासारखी वागते आणि त्यातून रस्ता वाकडा दिसतो. समोरच्या काचेत हा दोष मूळच्या डागापेक्षा धोक्याचा. बाजूच्या कडक केलेल्या काचा घासल्याने कमकुवत होतील ही भीती मात्र अनाठायी आहे, कारण तेथील दाबाखालचा थर जाडीच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतका असतो आणि घासण्याने जाते ते मिलिमीटरचे काही सहस्रांश. नख अडकेल इतका खोल ओरखडा असेल, तर भुकटीचा खटाटोप सोडून काच बदलणेच शहाणपणाचे.

डाग पडूच न देण्याची गोष्ट काटकसरीच्या घरांत विशेष अडते. पाणी शुद्ध करण्याच्या आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी बादलीत साठवून मोटार धुण्यास वापरतात. पाणी वाचविण्याची ही बुद्धी चांगली. पण यंत्राने पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार ह्याच पाण्यात एकवटलेले असतात. ते फरशीला द्यावे, संडासाला द्यावे, काचेला देऊ नये. उलट वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी हवेतील वाफेचे असल्यामुळे क्षारांपासून जवळजवळ मुक्त असते. ते स्वच्छ बादलीत धरून गाळले, तर काचेच्या शेवटच्या विसळणीस उत्तम. तेही नसेल, तर नेहमीच्याच पाण्याने ऊन चढण्यापूर्वी धुवावे आणि थेंब वाळण्याच्या आत मऊ कापडाने टिपून घ्यावे. कोरड्या काचेवरील धूळ मात्र कापडाने पुसू नये, आधी पाण्याने वाहू द्यावी. रस्त्याच्या धुळीत गारगोटीचे कण असतात आणि गारगोटी काचेहून कठीण असते. वायपरच्या रबरी पात्याखाली असाच एक कण अडकला, तर पहिल्या पावसात तो काचेवर कमानीसारखी रेघ ओढून ठेवतो. पावसाळ्यापूर्वी ती पाती उचलून ओल्या फडक्याने पुसण्यास दोन मिनिटे लागतात.