तोच भाग, मग एकालाच रडू का येते?

साधारण १९९८ सालची गोष्ट. मी तेव्हा मेडिसिनचा निवासी डॉक्टर होतो. रविवारी संध्याकाळी ड्युटी नसली की आम्ही चौघे एका मित्राच्या घरी जमायचो. त्याच्या काकांनी अमेरिकेहून काही व्हिडिओ कॅसेट आणल्या होत्या. त्यातल्या एका कॅसेटवर ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या विज्ञानमालिकेचा ‘द इनर लाइट’ हा भाग होता. भाग संपला तेव्हा आमच्यातला एक जण, सर्जरीचा निवासी डॉक्टर, डोळे पुसत गॅलरीत निघून गेला.

मी हसलो. वर म्हणालो, “अरे, तो ग्रह खोटा, तो तारा खोटा. रात्रभर कॅज्युअल्टीत खरी माणसं दगावताना बघतोस, तेव्हा तुझ्या डोळ्यांत पाणी येत नाही. आणि इथे?” तो काहीच बोलला नाही. त्याची आई चार महिन्यांपूर्वी गेली होती. हे मला ठाऊक होते, तरी दोन्ही गोष्टींचा संबंध माझ्या लक्षात आला नाही.

गेल्या वर्षी हाच भाग मी मुलीबरोबर पुन्हा पाहिला. आठवड्याभरात ती शिकायला परदेशी जाणार होती. अर्ध्यावरच मी तिला म्हणालो, “जरा थांबव.” उठून स्वयंपाकघरात गेलो आणि उगाच पाणी प्यायलो. मुलगी मात्र शांत होती. “छान आहे, बाबा. पण एवढं काय?”

पाऊण तासाचा तोच भाग. माझा मित्र पहिल्याच वेळी रडला, मला पंचवीस वर्षांहून अधिक काळ लागला आणि माझ्या मुलीला रडू आलेच नाही. असे का होते?

आधी गोष्ट थोडक्यात सांगतो. हा भाग अमेरिकेत १ जून १९९२ रोजी पहिल्यांदा दाखवला गेला आणि १९९३ मध्ये त्याला विज्ञानसाहित्यातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. अवकाशयानाचा कप्तान पिकार्ड (अभिनेते पॅट्रिक स्ट्यूअर्ट) एका अनोळखी यंत्राच्या किरणाने बेशुद्ध पडतो. डोळे उघडतो तेव्हा तो ‘काटान’ नावाच्या ग्रहावर असतो. तिथे सगळे त्याला कामिन म्हणतात. तो लोखंडकाम करणारा कारागीर आहे, त्याला ताप आला होता आणि आपण त्याची बायको आहोत, असे एलीन नावाची एक स्त्री त्याला सांगते. काही वर्षे तो आपल्या यानाचा शोध घेत राहतो. मग हळूहळू तिथलाच होतो. संसार थाटतो, त्याला मुलगी होते, मुलगा होतो. तो बासरी वाजवायला शिकतो. तरुण मुलाची भूमिका स्ट्यूअर्ट यांच्या खऱ्या मुलाने, डॅनियलने केली आहे.

त्या ग्रहावर दुष्काळ वाढत जातो. त्यांचा सूर्य मरणपंथाला लागला आहे आणि सगळ्यांना वाचवण्याएवढे विज्ञान त्यांच्याकडे नाही. एलीन जाते. जाताना ती नवऱ्याला पायातले जोडे जागेवर ठेवायची आठवण करते, कारण जोडे कुठेही टाकायची त्याची सवय तिने जन्मभर सोसलेली असते. म्हातारा कामिन नातवंडे बघतो. शेवटी त्याला कळते, की तो ग्रह हजार वर्षांपूर्वीच नष्ट झाला आहे. तिथल्या लोकांनी एक यान अवकाशात सोडले होते, ते कुणाला तरी भेटावे आणि त्याने आपली आठवण ठेवावी म्हणून. पिकार्ड जागा होतो तेव्हा यानावर जेमतेम पंचवीस मिनिटे गेलेली असतात. त्या यंत्रात एक पेटी सापडते, पेटीत ती बासरी. शेवटी तो एकटाच खोलीत ती वाजवतो.

आता डॉक्टरांच्या नजरेने पाहू. अश्रू तीन प्रकारचे असतात. एक डोळा ओला ठेवणारे, सतत पाझरणारे. दुसरे धुराने किंवा कांद्याने येणारे. तिसरे भावनेचे. तिन्हींसाठी मुख्यतः अश्रुग्रंथीच कामाला येतात, पण तिसऱ्या प्रकारात मेंदूतल्या भावनांशी संबंधित भागांकडून संदेश निघतो आणि चेहऱ्याच्या नसेबरोबर जाणाऱ्या पॅरासिम्पथेटिक तंतूंमार्फत ग्रंथीपर्यंत पोचतो. ही चेतासंस्थेची शरीराला सैल करणारी बाजू. म्हणून पुष्कळदा ऐन संकटात रडू येत नाही, ताण सुटतो तेव्हा येते. ऑपरेशन चालू असताना दगडासारखे उभे राहिलेले नातेवाईक “धोका टळला” हे ऐकल्यावर कोसळतात, हे आम्ही नेहमी पाहतो.

शिवाय हे रडू निव्वळ दुःखाचे नसते. अॅलन फिस्क, बियाटे झाइब्ट आणि थॉमस शुबर्ट या संशोधकांनी या भावनेचा अनेक देशांत अभ्यास केला आणि ‘प्रेमाने हेलावून जाणे’ अशा अर्थाचे एक संस्कृत नाव तिला दिले. दोन जिवांमधली जवळीक अचानक दाटून आली, की डोळे ओले होतात, अंगावर काटा येतो, छातीत ऊब जाणवते. मराठीला यात नवीन काही नाही. आपल्याकडे ‘गहिवर’ हा शब्द आहेच. त्या भागात कुणी मरते म्हणून गहिवर येत नाही. मरणाच्या दारात बायको जोड्यांची आठवण करते म्हणून येतो.

पण हा गहिवर सगळ्यांना सारखा का येत नाही? मला चार कारणे महत्त्वाची वाटतात.

पहिले कारण लक्ष. मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली दाखवून दिले, की वाचक गोष्टीत जितका गुंततो, तितका तिचा त्याच्यावर परिणाम होतो. गुंतण्यासाठी लक्ष, कल्पना आणि भावना तिन्ही एकाच वेळी गोष्टीत असाव्या लागतात. हातात मोबाइल घेऊन भाग पाहणारा माणूस चाळीस वर्षांचा तो संसार जगत नाही, फक्त त्याची बातमी ऐकतो.

दुसरे कारण आपली स्वतःची शिदोरी. पडद्यावर जोडे दिसतात, पण मेंदू आठवणींच्या कपाटातून आपलेच जोडे काढतो. ज्याच्या कपाटात तशी वस्तू नाही, त्याला तो प्रसंग समजतो, पण लागत नाही. माझ्या मुलीचे तसेच झाले. तिच्या आयुष्यात अजून कुणी कायमचे गेलेले नाही. ती कोरडी नाही, नशीबवान आहे.

तिसरे कारण वय, किंवा नेमके सांगायचे तर उरलेल्या वेळेची जाणीव. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लॉरा कार्स्टेनसन यांचे संशोधन सांगते, की पुढे वेळ थोडा आहे असे वाटू लागले, की माणूस नव्या ओळखी आणि नवी माहिती यांपेक्षा जवळच्या नात्यांना जास्त मोल देतो. हे म्हाताऱ्यांपुरते नाही. कमी वयात गंभीर आजार झालेल्यांमध्येही हा बदल दिसतो. शिवाय एरिक एरिकसन यांनी लिहून ठेवले आहे, की मध्यम वयात माणसाला पुढच्या पिढीसाठी आपण काय मागे ठेवणार, ही ओढ लागते. ‘द इनर लाइट’ नेमका याच ओढीवर उभा आहे. एक अख्खा समाज ‘आमची आठवण ठेवा’ एवढेच मागतो. एकोणतिसाव्या वर्षी मला ती मागणी ऐकूच आली नाही.

चौथे कारण थकवा, आणि हे मला स्वतःबद्दल सांगायचे आहे. त्या रविवारी मी सलग छत्तीस तासांची ड्युटी करून आलो होतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लाक यांनी कामाने पिचलेल्या माणसांचा अभ्यास केला. त्यांनी सांगितलेल्या लक्षणांपैकी एक म्हणजे समोरच्या माणसाविषयी कोरडेपणा येणे. पेशंट हा माणूस न राहता ‘बेड नंबर बारा’ होतो. तेव्हा मी याला खंबीरपणा समजत होतो. मित्राच्या रडण्यावर हसलो, त्यात विज्ञाननिष्ठा वगैरे काही नव्हती. मी बधिर झालो होतो आणि ते मला कळत नव्हते.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण एका मालिकेपुरते नाही. कोण रडते आणि कोण रडत नाही, यावरून आपण माणसांचे मोजमाप करतो. त्याचा त्रास मी ओपीडीत पाहतो.

एका बाईंना त्यांची नणंद घेऊन आली होती. नवरा अपघातात जाऊन तीन आठवडे झाले होते. “डॉक्टर, हिच्या डोळ्यांतून टिपूस नाही आला. लोक नावं ठेवतात. हिला काही झालंय का बघा.” बाई मुलांना शाळेत सोडत होत्या, घर चालवत होत्या, थोडेफार झोपत होत्या. कोलंबिया विद्यापीठाचे जॉर्ज बोनॅनो यांनी वर्षानुवर्षे शोकाचा अभ्यास केला आहे. त्यातून दिसते, की जवळचे माणूस गेल्यावर बऱ्याच जणांचे रोजचे जगणे फारसे विस्कटत नाही, आणि न रडणे हा काही आजार नव्हे. नणंदेला मी तेच समजावले. पुढच्या भेटीत बाईंनी आपणहून सांगितले, “परवा रडले. कुकरची तिसरी शिटी झाली आणि गॅस बंद करायला कुणी उठलं नाही.” तो गॅस रोज नवरा बंद करायचा.

दुसरे एक आजोबा. लकव्यानंतर टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली तरी रडायचे आणि घरची पोरे हसायची. ही भावुकता नव्हती. मेंदूला इजा झाल्यावर रडण्या-हसण्यावरचा ताबा सुटू शकतो. वैद्यकशास्त्रात याला ‘स्यूडोबल्बार अफेक्ट’ म्हणतात आणि त्यावर औषधे आहेत. घरच्यांना हे कळल्यावर हसणे थांबले. आजोबांचा अर्धा त्रास तिथेच कमी झाला.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कुणाला सिनेमा पाहून रडू येते, कुणाला येत नाही. यात दोष कुणाचाच नाही. काही माणसांना आपली भावना ओळखणे आणि शब्दांत सांगणेच अवघड जाते. त्यांना आतून काही वाटत नाही असे समजू नये. पहिल्यापासून असलेल्या स्वभावाची काळजी नको, बदलाकडे मात्र लक्ष द्या. पूर्वी गाण्याने, नातवंडांनी, सणाने ज्याचे मन भरून यायचे, त्याला आता कशाचेच काही वाटेनासे झाले आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकले, तर ते नैराश्य असू शकते. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही भावना बोथट झाल्यासारख्या वाटतात. “डॉक्टर, बरं वाटतंय, पण रडूही येत नाही आणि हसूही,” असे पेशंट सांगतात. अशा वेळी गोळ्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना सांगा. डोस किंवा औषध बदलता येते. लकवा किंवा मेंदूच्या आजारानंतर कारण नसताना रडणे-हसणे सुरू झाले, तर तेही सांगा. कुणाशी बोलावेसे वाटले तर ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे.

तरुण डॉक्टरांना आणि नर्सिंगच्या मुलामुलींना वेगळे सांगतो. वॉर्डात हात थरथरू न देणे हे कौशल्य आहे, ते शिकावेच लागते. पण घरी आल्यावरही काहीच आत पोचत नसेल, तर त्याला खंबीरपणा म्हणू नका. झोप, सुट्टी आणि बोलायला एखादा माणूस यांची ती गरज असते.

मुलीबरोबर तो भाग पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्या मित्राला फोन केला. तो आता एका तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. त्या रविवारी हसलो होतो, त्याबद्दल माफी मागितली. त्याला तो प्रसंग नीट आठवत होता. आई गेली तेव्हा तो ड्युटीवर होता, पोचेपर्यंत सगळे आटोपले होते आणि घरी त्याला रडूच आले नव्हते. “शाळेतून आलो की दारातच चपला भिरकवायचो. आई रोज ओरडायची, चपला जागेवर ठेव म्हणून. ती बाई मरताना जोड्यांचं बोलली आणि मग मला आवरेना,” तो म्हणाला.

एवढ्या वर्षांत मी त्याला हे विचारलेच नव्हते. काय बोलावे ते मला सुचेना. तोच म्हणाला, “जाऊ दे रे. तू तेव्हा दोन दिवस झोपला नव्हतास. ते सोड, मुलगी कधी निघतेय?”