लष्करी करारनाम्यातील लोकसेवा

१९६६ साली अमेरिकेच्या जॉर्जिया संस्थानातील प्लेन्स नावाच्या लहानशा गावातून ६८ वर्षांची एक विधवा परिचारिका मुंबईस आली, आणि कुटुंबनियोजनाच्या कामासाठी आलेली ही बाई पुढे विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीतील दवाखान्यात गोरगरीब रोग्यांची शुश्रूषा करू लागली. लिलियन कार्टर हे तिचे नाव. तिचा मुलगा जिमी पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला. तरुणपणी तो आरमारात अधिकारी होता. परंतु विक्रोळीच्या ज्या आयाबायांनी आपली तापाने फणफणलेली पोरे निःशंकपणे तिच्या हाती दिली असतील, त्यांना त्या आरमाराशी काहीच कर्तव्य नव्हते, कारण ज्या ‘पीस कोअर’ संस्थेतर्फे ती आली होती तिचा लष्कराशी काडीचाही संबंध असू नये, असा दंडक आरंभापासूनच पाळला जात होता.

अध्यक्ष केनेडी यांनी १ मार्च १९६१ रोजी हुकूम काढून ही संस्था स्थापिली आणि सार्जंट श्रायव्हर यांच्याकडे तिची सूत्रे सोपविली. यजमान देशाने बोलावले तरच जायचे, तेथील भाषा शिकायची, तेथल्या लोकांत त्यांच्यासारखेच राहायचे आणि दोन वर्षे शिक्षक, परिचारिका वा शेतीचा मदतनीस म्हणून राबायचे, हा तिचा शिरस्ता. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यात, म्हणजे सीआयएमध्ये, चाकरी केलेल्या माणसाला तर तिचे दार कायमचेच बंद.

या दंडकाला तडा गेला तो २००२ साली. जॉन मॅकेन आणि एव्हन बाय या सिनेटरांच्या खटपटीने झालेल्या कायद्यान्वये, सैन्यात भरती होणाऱ्या तरुणाने शिक्षणानंतर १५ महिने प्रत्यक्ष नोकरी आणि दोन वर्षे राखीव दलात हजेरी दिल्यावर, आठ वर्षांच्या एकंदर बांधिलकीपैकी उरलेली मुदत वाटल्यास पीस कोअरमध्ये काढावी, अशी तरतूद झाली. हेतू वाईट नव्हता. लष्कराला माणसे हवी होती, दीर्घ मुदतीच्या धास्तीने बिचकणाऱ्या तरुणांना राष्ट्रसेवेची एक सुलभ वाट दाखवावयाची होती, आणि शिस्तीत तयार झालेला माणूस खेड्यातील विहिरीच्या वा शाळेच्या कामी अधिक उपयोगी पडेल, हेही खोटे नव्हे.

परंतु ज्या गावी तो जाणार तेथून पाहिले म्हणजे चित्र पालटते. परक्या मुलखातून आलेला हा तरुण आपल्या मुलांना गणित शिकवतो आहे आणि त्याच वेळी त्याच्या सरकारच्या दप्तरी ते दिवस सैनिकी बांधिलकीच्या हिशेबात जमा होत आहेत, हे कळल्यावर गावकऱ्याने त्याला काय समजावे? संशय एकट्या त्याच्यापुरता राहत नाही. ज्याने कधी बंदुकीला हातही लावलेला नाही अशा, शेजारच्या खेड्यातील त्याच्या सहकाऱ्यालाही तो वेढतो. बोलिव्हियात अमेरिकन वकिलातीच्या एका अधिकाऱ्याने पीस कोअरच्या स्वयंसेवकांना तेथील क्यूबन व व्हेनेझुएलन माणसांची माहिती कळविण्यास सांगितले, हे २००८ साली उघड झाले, तेव्हा तेथे केवढा गहजब उडाला! पाकिस्तानातील प्रकार तर याहून दारुण. अबोटाबादला बिन लादेनचा माग काढण्यासाठी सीआयएने लसीकरणाच्या मोहिमेचा आडपडदा वापरल्याचे २०११ साली बाहेर आले. लसीविषयीचा जुना अविश्वास त्याने बळावला, आणि पुढच्याच वर्षी पोलिओचे थेंब पाजणाऱ्या स्त्रियांवर गोळ्या झाडल्या गेल्या. हेरांच्या कारस्थानात त्या बिचाऱ्यांचा लवलेशही हात नव्हता.

येथे कोणी सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचे नाव घेईल. १९३८ मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले, जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चिनी आठव्या मार्ग सेनेच्या जखमींची सेवा करीत राहिले आणि १९४२ साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच निवर्तले. त्यांच्या बाबतीत सैन्य आणि सेवा एकत्र आलीच ना? आली खरी, पण ती उघडपणे, चिनी लोकांच्या स्वतःच्या लढ्यात आणि त्यांच्याच निमंत्रणावरून. कोटणिसांच्या सेवेचा एकही दिवस कोणा परक्या सेनापतीच्या खात्यात वळता होत नव्हता.

सक्तीच्या लष्करी नोकरीऐवजी परदेशी सेवा, ही गोष्ट मात्र निराळी आणि मला मान्य होण्याजोगी आहे. ऑस्ट्रियातील तरुणांना १९९२ पासून सैन्यात जाण्याच्या बदली परदेशांतील ज्यूसंहाराच्या स्मारकसंस्थांत काम करण्याची मुभा मिळाली. तेथे तो तरुण लष्कराच्या पटावर नसतोच. अमेरिकन योजनेतला तरुण त्या पटावरून उतरलेला नसता. सगळा वाद या एका भेदाचा होता.

पीस कोअरच्या आजी-माजी स्वयंसेवकांनी २००५ साली हाच भेद पोटतिडकीने मांडला, आणि एकही सैनिक त्या वाटेने संस्थेत दाखल होण्यापूर्वी, जानेवारी २००६ मध्ये, ती तरतूद कायद्यातून काढून टाकण्यात आली. माझ्या मते ते योग्यच झाले. ज्या सैनिकाला अशा सेवेची ओढ आहे त्याने आधी आपली मुदत पुरी करावी, मुक्ततेचा कागद हाती घ्यावा आणि मग अर्ज करावा. सेवामुक्त सैनिकाला पीस कोअरने मज्जाव केलेला नाही.