आधी काय, मग काय?

पुरणपोळी करताना डाळ शिजल्याशिवाय पुरण होत नाही आणि पुरण झाल्याशिवाय पोळी भरता येत नाही. कणीक मात्र डाळ शिजत असतानाच भिजवून ठेवता येते. गूळ कमी पडला, तर आपण पुरण पुन्हा आटवतो. कणीक नव्याने भिजवत नाही. संगणकाचे मोठे प्रोग्रॅम बांधताना नेमका हाच विचार करावा लागतो.

जावा भाषेत लिहिलेला मजकूर संगणक थेट चालवत नाही. कंपायलर त्यापासून 'क्लास' फायली बनवतो, मग चाचण्या होतात आणि शेवटी सर्व फायलींचा 'जार' नावाचा एक गठ्ठा बांधला जातो. मोठ्या प्रकल्पात असे शेकडो तुकडे एकमेकांवर अवलंबून असतात. एक तुकडा बदलला आणि त्यावर अवलंबून असलेला दुसरा जुनाच राहिला, तर प्रोग्रॅम कधी बंद पडतो, तर कधी मुकाट्याने चुकीचे उत्तर देतो. संगणकाच्या आकडेमोडीवर विसंबणाऱ्या आम्हा संशोधकांना ही दुसरी शक्यता जास्त घातक वाटते, कारण ती दिसत नाही.

यावर उपाय म्हणून १९७६ साली बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' हे साधन तयार केले. कोणती फाईल कशापासून बनते, हे एकदा लिहून ठेवायचे. कच्चा माल पक्क्या मालापेक्षा नवा असेल, तर पक्का माल पुन्हा बनवायचा. नसेल तर त्याला हात लावायचा नाही.

जावासाठी पुढे 'अँट' आणि 'मेव्हन' आली. त्यांच्या सूचना एक्सएमएल या खुणांच्या भाषेत लिहितात. माहिती नोंदवायला ती सोयीची आहे; पण 'असे असेल तर तसे कर' किंवा 'हेच प्रत्येक तुकड्यासाठी कर' असे सांगायला अवघड. 'बिल्डर' या साधनाच्या कर्त्यांनी म्हणून वेगळी वाट धरली. सूचना रूबी या पूर्ण प्रोग्रॅमिंग भाषेतच लिहायच्या! रूबीत जिम वायरिक यांचे 'रेक' हे मेकसारखे साधन होतेच; त्याच्या पायावर बिल्डर उभे राहिले. फायलींची मांडणी मात्र त्याने मेव्हनच्याच रिवाजाप्रमाणे ठेवली.

अपाची फाउंडेशनच्या छत्राखाली वाढलेले हे मुक्त साधन २०२२ साली तिच्या 'अ‍ॅटिक'मध्ये, म्हणजे माळ्यावर, ठेवण्यात आले. त्याचा मजकूर आजही कोणालाही वाचता येतो. दुरुस्ती करणारा गट मात्र राहिलेला नाही. आपले काम साधनावरही अवलंबून असते, हे यातून लक्षात घ्यायला हवे.

वर्गात हे संगणकाशिवाय करून पाहता येईल. स्नेहसंमेलनाची कामे फळ्यावर लिहा, कोणते काम कशावर अवलंबून आहे ते बाणांनी दाखवा आणि विचारा: तारीख बदलली, तर कोणती कामे पुन्हा करावी लागतील? बाण कुठे वर्तुळात फिरत असतील, तर त्यातले एकही काम सुरू होऊ शकणार नाही, हे मुले स्वतःच सांगतील.