मोटारीचा घसा

न्हावा आणि शेवा ही खाडीकाठची दोन गावे. त्यांच्या जोडनावाने ओळखले जाणारे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले आणि इकडचे रस्ते कंटेनरच्या ट्रेलरांनी भरून गेले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून येणारा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला, तेव्हा खाजगी मोटारींचीही त्यांत भर पडली. चाळीस फुटी पेट्यांच्या रांगेतून हळूहळू पुढे सरकताना अॅक्सिलरेटरवरचा पाय काढताच इंजिन थरथरून बंद पडले, तर ती केवळ गैरसोय राहत नाही. ब्रेकला मिळणारी इंजिनाची मदत संपते, पेडल दगडासारखे घट्ट होते आणि मागे ट्रेलर असतो. पेट्रोल गाडीच्या या दुखण्याचे कारण पुष्कळदा एका वाटीएवढ्या भागात दडलेले असते. त्याचे नाव थ्रॉटल बॉडी.

‘थ्रॉटल’ या शब्दाचे नाते ‘घसा’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी आहे, आणि ते अगदी समर्पक आहे. इंजिनात जाणारी सारी हवा या नळीतून जाते. नळीच्या मधोमध एका दांडीवर फिरणारी गोल चकती असते. मिस्त्री तिला ‘बटरफ्लाय’ म्हणतात. आपण अॅक्सिलरेटर दाबतो तेव्हा पेट्रोल सोडतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. वास्तविक पाहता आपण ही चकती उघडून हवा सोडतो. किती हवा आली हे मोजून एका भाग पेट्रोलामागे वजनाने सुमारे १४.७ भाग हवा या प्रमाणात पेट्रोल देण्याचे काम गाडीतला संगणक करतो. पूर्वी हवा-पेट्रोलाचे मिश्रण कार्ब्युरेटर करीत असे. २००० साली प्रदूषणाचे नवे नियम देशभर लागू झाले आणि तो नव्या मोटारींतून मागे पडत गेला. डिझेल इंजिनाची ताकद मात्र मुख्यतः इंधन कमी-अधिक करून बदलते. म्हणून पुढील विवेचन पेट्रोल गाडीपुरतेच समजावे.

मग काजळी येते कोठून? सिलिंडरमधील थोडा वायू पिस्टनच्या कडांतून खाली निसटतो व तेलाची वाफ घेऊन येतो. ही घाण बाहेर सोडू नये म्हणून एका नळीने ती पुन्हा आत येणाऱ्या हवेत मिसळली जाते. गाळणीतून सुटलेली बारीक धूळ तिला चिकटते आणि चकतीच्या कडेला काळे कडे तयार होते. भरधाव जाताना चकती चांगलीच उघडी असते, त्यामुळे हे कडे जाणवत नाही. परंतु गाडी जागेवर उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेते आणि त्यासाठी लागणारी हवा केसाएवढ्या फटीतून किंवा शेजारच्या अरुंद वाटेने जाते. तीच फट बुजली की इंजिनाचा श्वास कोंडतो. संगणक चकती थोडी अधिक उघडून वेळ निभावतो. पण त्यालाही मर्यादा आहे.

सफाई घरच्या अंगणात करता येते. जागा मोकळी व हवेशीर असावी, जवळपास विडी-सिगारेट किंवा शेगडी नसावी. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, चावी काढावी आणि बॅटरीची ऋण तार सोडवावी. हवेच्या गाळणीपासून येणाऱ्या रबरी नळीचा क्लॅम्प ढिला करून नळी बाजूला सारावी. आता चकती समोर दिसेल. थ्रॉटल बॉडीसाठीच मिळणारा फवारा मऊ, धागे न सुटणाऱ्या फडक्यावर मारावा व त्या फडक्याने नळीची आतली बाजू आणि चकतीची कड पुसावी. फडके काळे व्हायचे थांबेपर्यंत हे करावे. द्रव वाळू द्यावा, नळी घट्ट बसवावी, तार जोडावी.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. पेट्रोलने सफाई करू नये. त्याची वाफ भडकते. सॅंडपेपर, तारेचा ब्रश किंवा चाकू लावू नये, कारण काही गाड्यांत कडेला मुद्दाम दिलेला लेप असतो. चकती विजेच्या मोटरने फिरणारी असेल, तर ती बोटाने जोर लावून उघडू नये. आतले दाते तुटतात. चावी चालू असताना तर बोट आत घालूच नये. हवा मोजणाऱ्या सेन्सरवर हा फवारा उडू देऊ नये. हातमोजे व चष्मा वापरावा.

सफाईनंतर इंजिन काही काळ जास्त रेस घेईल. त्याने घाबरू नये. संगणकाला मळक्या चकतीची सवय झालेली असते. त्याला नव्याने शिकवावे लागते. त्याची रीत प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत निराळी असते.

आणि एवढे करूनही गाडी थरथरली तर? मग दोष फाटलेल्या व्हॅक्यूम नळीत, स्पार्क प्लगमध्ये किंवा इग्निशन कॉइलमध्ये शोधावा लागेल. तेथे पुन:पुन्हा फवारे मारण्यात अर्थ नाही; जाणत्या मिस्त्रीकडे जावे. पण त्याच्याकडे जाताना आपल्याला एवढे तरी सांगता येईल की, घसा साफ आहे, दुखणे दुसरीकडे आहे. निम्मे निदान तर तेथेच झालेले असते.