'परीक्षा होणार की नाही?' : २०२०ची बॅच अजून का थकलेली आहे

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड.

मागे नालासोपाऱ्याच्या एका मित्राने विचारलं, "अरे, तुला अजून परीक्षेची स्वप्नं पडतात का?" आम्ही दोघं २०२०ला बीटेक झालो. मला पडतात. तो मात्र रात्री तीनला उठून बसतो, मग झोपच नाही.

जरा आठवा. जून २०२०मध्ये राज्य सरकार म्हणालं, शेवटच्या वर्षाची परीक्षा नाही. ६ जुलैला यूजीसी म्हणालं, सप्टेंबरअखेर घ्याच. २८ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, हवी तर मुदतवाढ मागा, पण परीक्षेशिवाय पदवी नाही. मुंबई विद्यापीठाची परीक्षा ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन झाली. तोवर आम्ही पुस्तक उघडायचो, बंद करायचो.

अभ्यासाचा ताण झेपतो, कारण त्याला शेवटची तारीख असते. तारीखच सरकत राहिली की मेंदू 'सावध' मोडमधून बाहेर येत नाही. फोनमध्ये मागे जीपीएस चालू राहिला की स्क्रीन बंद असूनही बॅटरी उतरते ना, तसंच. आधी झोप जाते, मग लक्ष.

त्यात लोकल बंद. विरार-चर्चगेट ६० किलोमीटर, धक्काबुक्की, शिव्या... पण मन मोकळं व्हायचं ते त्याच डब्यात! आता वन-आरकेमध्ये आईचा कुकर, बाबांचा कापलेला पगार आणि आपलं लेक्चर, सगळं एकाच खोलीत. लोकल सगळ्यांना खुली झाली १ फेब्रुवारी २०२१ला, तीही ठरावीक वेळेत. एप्रिलमध्ये पुन्हा बंद. २३ एप्रिलला विरारच्या हॉस्पिटलच्या आयसीयूत आग लागली. त्या दिवशी व्हॉट्सॲप उघडायची भीती वाटत होती.

डब्ल्यूएचओच्या मते पहिल्याच वर्षात जगभर चिंता आणि नैराश्य २५ टक्क्यांनी वाढलं, तरुणांना फटका जास्त. त्यामुळे "तूच कमकुवत" हे डोक्यातून काढा. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर १४४१६ लावा. टेली-मानस, २०२२पासून सुरू, फुकट, २४ तास, मराठीतही.

मित्र म्हणाला, "घरात बोलू कुठे? सगळे ऐकतात." खरी अडचण हीच. शेवटी कळंब बीचवर बाईक लावून त्याने फोन केला. समोरच्या ताईंनी परीक्षेचं नंतर विचारलं, आधी विचारलं, "किती वाजता झोपता?" पुढच्या गुरुवारी तो परत बोलणार आहे, तिथूनच.