विश्लेषण : शंभरी ओलांडलेल्या ‘थ्री-नॉट-थ्री’ रायफलीची बंदूकशौकिनांना भुरळ का?

एनसीसीच्या कवायतीत खांद्यावर पेललेली किंवा निवडणुकीच्या बंदोबस्तातील पोलिसाच्या हाती दिसलेली, लाकडी दस्त्याची जड रायफल अनेकांना ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणून ठाऊक आहे. तिचे मूळ नाव ली-एनफिल्ड. ब्रिटिश लष्कराने १९५७ पासून तिला निरोप द्यायला सुरुवात केली. त्यानंतर रायफलींच्या किती तरी पिढ्या आल्या. तरीही अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलियातील संग्राहक आणि नेमबाज आजही ती शोधून विकत घेतात, स्वच्छ करतात आणि रेंजवर चालवतात. तिची ही लोकप्रियता कशामुळे टिकली? आणि तिच्या ज्या दणकटपणावर शौकीन फिदा आहेत, तोच भारतीय पोलिसांना महाग का पडला?

‘थ्री-नॉट-थ्री’ हे नाव कशावरून?

रायफलीच्या नळीच्या आतील व्यास ०.३०३ इंच, म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर. या आकड्याचा इंग्रजी उच्चार ‘पॉइंट थ्री-नॉट-थ्री’. त्यातला ‘पॉइंट’ बोलण्यात गळाला आणि उरलेले नाव देशभर रुळले. ‘ली’ हे नाव जेम्स पॅरिस ली यांचे. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या आणि कॅनडात वाढलेल्या ली यांनी अमेरिकेत बोल्ट आणि मॅगझिनची रचना विकसित केली. ‘एनफिल्ड’ हे लंडनच्या उत्तरेकडील सरकारी शस्त्रकारखान्याचे गाव. १८५७ च्या काडतूस प्रकरणातील एनफिल्डही याच गावच्या नावाची. पण ती पुढून बार भरण्याची वेगळी बंदूक होती. ली-एनफिल्ड १८९५ मध्ये आली. बोअर युद्धात ब्रिटिशांना शत्रूच्या माउझर रायफलींचा तडाखा बसला. त्या अनुभवातून पाच काडतुसांची पट्टी एका दाबात भरता येईल अशी आखूड रायफल १९०४ मध्ये तयार झाली. तिची १९०७ ची ‘मार्क-३’ आवृत्ती सर्वाधिक गाजली.

तिच्या यंत्रणेत वेगळे काय?

ही ‘बोल्ट अ‍ॅक्शन’ रायफल आहे. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट वर फिरवायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा आणि खाली बसवायचा. मागे ओढताना रिकामे काडतूस बाहेर पडते, पुढे ढकलताना नवे आत जाते. समकालीन माउझरमध्येही हेच होते. फरक तीन ठिकाणी आहे.

पहिला, बोल्ट फिरण्याचा कोन. माउझरचा बोल्ट सुमारे ९० अंश फिरवावा लागतो, ली-एनफिल्डचा सुमारे ६० अंश. दुसरा, कुलपाची जागा. माउझरचा बोल्ट पुढच्या टोकाला अडकतो, ली-एनफिल्डचा मागच्या बाजूला. त्यामुळे तो कमी अंतर मागे-पुढे करावा लागतो. तिसरा, स्प्रिंग. माउझरची स्प्रिंग बोल्ट उचलताना ताणली जाते, तर ली-एनफिल्डची बोल्ट पुढे ढकलताना. हाताचा जोर पुढे जाताना अधिक लागतो, त्यामुळे बोल्ट उघडणे हलके होते. तिन्हींचा एकत्र परिणाम म्हणजे वेग. त्यात मॅगझिनमध्ये दहा काडतुसे, म्हणजे माउझरच्या दुप्पट.

पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटिश सैनिकांना ३०० यार्डांवरील लक्ष्यावर एका मिनिटात १५ नेमके बार टाकण्याचा सराव करावा लागे. हाच सराव ‘मॅड मिनिट’ म्हणून प्रसिद्ध झाला. आजही अनेक देशांतील हौशी नेमबाज त्याच नावाने स्पर्धा भरवतात.

मागच्या बाजूच्या कुलपाचा तोटाही आहे. गोळी सुटताना बोल्ट किंचित दबतो. अत्यंत काटेकोर नेमबाजीसाठी आणि जास्त दाबाच्या काडतुसांसाठी माउझरची रचना सरस मानली जाते.

ती दणकट का मानली जाते?

भाग मोजके आणि जाडजूड. बोल्ट हत्यारांशिवाय बाहेर काढता येतो. मॅगझिन सुटे होते. आतील भागांमध्ये थोडी मोकळीक असल्याने किरकोळ धूळ किंवा चिखलाने यंत्रणा लगेच अडत नाही. नळी जवळपास टोकापर्यंत लाकडाने झाकलेली असल्याने तापली तरी हाताला चटका बसत नाही. वजन सुमारे चार किलो. ते वाहायला त्रासदायक, पण गोळीचा धक्का सोसायला उपयोगी.

या दणकटपणाची सर्वात मोठी पावती कॅनडाकडून मिळते. उत्तर ध्रुवीय प्रदेशात गस्त घालणाऱ्या ‘कॅनेडियन रेंजर्स’ या राखीव दलाने १९४७ पासून सुमारे सात दशके ली-एनफिल्डच वापरली. तिथे स्वयंचलित शस्त्रातील वंगण थंडीत घट्ट होते आणि समोर ध्रुवीय अस्वल येण्याची शक्यता असते. अशा वेळी हाताच्या जोरावर चालणारा बोल्ट अधिक भरवशाचा. २०१८ पासून रेंजर्सना फिनलंडच्या टिक्का रचनेवरील नवी रायफल मिळू लागली. जुनी बदलण्याचे मुख्य कारण सुट्या भागांची टंचाई हे होते. विशेष म्हणजे नवी रायफलही बोल्ट अ‍ॅक्शनच आहे.

गंमत अशी की, ब्रिटिश लष्कराला ही रायफल लवकरच बदलायची होती. १९१३ मध्ये माउझर धाटणीच्या नव्या रायफलीच्या चाचण्या सुरू होत्या. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले, कारखान्यांना नव्या रचनेकडे वळायला उसंत मिळाली नाही आणि ली-एनफिल्डला पुढची चार दशके मिळाली.

संग्राहकांना नेमके काय हवे असते?

या रायफलीच्या सर्व आवृत्त्या मिळून दीड कोटीहून अधिक नग बनल्याचा अंदाज आहे. इंग्लंडखेरीज ऑस्ट्रेलियातील लिथगो, कॅनडातील लाँग ब्रँच, अमेरिकेतील सॅव्हेज आणि भारतातील ईशापूर येथे तिचे उत्पादन झाले. प्रत्येक कारखान्याचा शिक्का, साल, दुरुस्तीच्या खुणा धातूवर आणि लाकडावर उमटलेल्या असतात. रायफल कुठे बनली, कुठे दुरुस्त झाली, कोणत्या देशात गेली, हे त्या खुणांवरून वाचता येते. बोल्टवरचा क्रमांक आणि मुख्य सांगाड्यावरचा क्रमांक एकच असेल, तर किंमत वाढते.

दुसरे कारण स्वस्ताईचे. महायुद्धानंतर लाखो रायफली जादा ठरल्या आणि अमेरिकेत टपालाने, अगदी किरकोळ दरात विकल्या गेल्या. अनेकांनी त्यांची लाकडे कापून शिकारी रायफली केल्या. १९६८ च्या कायद्याने टपालविक्री थांबली आणि लष्करी जादा साठ्याची आयातही रोखली गेली. १९८० च्या दशकात ५० वर्षांहून जुन्या आणि संग्रहमूल्य असलेल्या शस्त्रांसाठी आयातीची वाट पुन्हा खुली झाली. तोवर न कापलेल्या, मूळ रूपातल्या रायफली दुर्मीळ होऊ लागल्या होत्या. एकेकाळी स्वस्त म्हणून घेतलेली वस्तू आता जपण्याची वस्तू झाली आहे.

भारतीय बनावटीच्या रायफलीला वेगळे स्थान का?

पश्चिम बंगालमधील हुगळीकाठच्या ईशापूर रायफल कारखान्याची स्थापना १९०४ मधली. इथल्या रायफली परदेशी संग्राहक दोन खुणांवरून लगेच ओळखतात. एक, लाकडाला तडा जाऊ नये म्हणून मॅगझिनच्या पुढे आडवा बसवलेला स्क्रू. दुसरी, काही रायफलींच्या पुढच्या भागावर गुंडाळलेली तार. या रायफलींवरून ग्रेनेड फेकले जात. तो ताण सोसावा म्हणून तारेचे वेढे दिले जात.

१९६२ च्या चीन युद्धात भारतीय जवानांच्या हाती प्रामुख्याने .३०३ रायफली होत्या, तर चिनी सैन्याकडे अर्धस्वयंचलित रायफली. त्यानंतर ईशापूरमध्ये ७.६२ मिलिमीटर काडतुसासाठी ‘२ए’ आणि ‘२ए१’ या ली-एनफिल्ड तयार झाल्या. नव्या काडतुसाचा दाब जास्त असल्याने त्यांच्यासाठी अधिक मजबूत पोलाद वापरले गेले. मॅगझिन बारा काडतुसांचे झाले. या जुन्या रायफली नुसत्या नळी बदलून विकल्या, असा समज अनेक खरेदीदारांत आहे. प्रत्यक्षात त्या नव्याने बनवलेल्या होत्या. नुसती नळी बदलून जुन्या मार्क-३ मध्ये ७.६२ चे काडतूस चालवणे मात्र धोक्याचे ठरू शकते.

यात महाराष्ट्राचाही धागा आहे. पुण्याजवळच्या खडकीतील दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. इथे बनलेल्या .३०३ काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ म्हणजे ‘किरकी फॅक्टरी’ ही अक्षरे असत. अशी काडतुसे जगभरच्या संग्रहांत आढळतात. जुन्या काडतुसांच्या टोपीतील रसायनामुळे नळी गंजते, म्हणून ती वापरल्यावर नळी गरम पाण्याने धुण्याची शिस्त शौकीन पाळतात.

भारतात ती संग्रही ठेवता येते का?

सर्वसाधारण नागरिकाला जवळपास नाही. ब्रिटिश राजवटीने लष्करी काडतुसे लोकांच्या हाती पडू नयेत, यासाठी .३०३ सारखे बोअर नागरिकांना बंद केले. स्वातंत्र्यानंतरही शस्त्र कायदा, १९५९ आणि त्याखालील नियमांत .३०३ तसेच ७.६२ च्या रायफली ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये राहिल्या. त्यांचा परवाना जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत. तो अधिकार केंद्र सरकारकडे आहे. २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकाची शस्त्रमर्यादाही तीनवरून दोनवर आणली.

यातून एक पळवाट मात्र सरकारी कारखान्यातूनच निघाली. परवानाधारकांना मिळणारी ‘.३१५’ स्पोर्टिंग रायफल आठ मिलिमीटरच्या वेगळ्या काडतुसावर चालते. म्हणून ती प्रतिबंधित नाही. तिचा बोल्ट आणि मूळ यंत्रणा मात्र ली-एनफिल्डचीच. शेताच्या राखणीसाठी ही रायफल घेतलेल्या कित्येकांच्या घरात ‘थ्री-नॉट-थ्री’ची बहीण आहे, हे त्यांना ठाऊकही नसते.

मग पोलिसांना ती महाग का पडली?

लष्करातून निवृत्त झालेल्या .३०३ रायफली राज्यांच्या पोलिसांकडे गेल्या. त्या मोडत नव्हत्या, दुरुस्ती सोपी होती, दारूगोळा देशात बनत होता. त्यामुळे बदलण्याची घाई कोणाला नव्हती. हा हिशेब २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत उघडा पडला. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन दहशतवाद्यांच्या हाती ३० गोळ्यांच्या मॅगझिनच्या स्वयंचलित रायफली होत्या. पोलिसांकडे काठ्या, काही पिस्तुले आणि .३०३ होत्या. स्थानकात ५० हून अधिक जणांचा बळी गेला.

प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढावा लागणारी रायफल अशा चकमकीत मागे पडते. तिची गोळी सेकंदाला सुमारे ७४० मीटर वेगाने सुटते. गर्दीच्या फलाटावर ती लक्ष्याच्या आरपार जाऊन मागच्या माणसालाही लागू शकते. सरावाची गोष्ट आणखी वेगळी. ‘मॅड मिनिट’चा वेग सततच्या गोळीबाराच्या सरावातून येतो, वर्षाला मोजकी काडतुसे मिळणाऱ्या शिपायाकडून त्याची अपेक्षा करता येत नाही. हल्ल्यानंतर महाराष्ट्राने २००९ मध्ये ‘फोर्स वन’ उभारले आणि पोलिसांच्या शस्त्रांचे आधुनिकीकरण वेगात आले. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २६ जानेवारी २०२० च्या संचलनात .३०३ ला जाहीर निरोप दिला.

तिच्या इतिहासाकडे कसे पाहायचे?

शौकिनांच्या संग्रहात ही रायफल दोन महायुद्धांची साक्षीदार म्हणून मिरवते. भारतीय सैनिकांनीही ती खांद्यावर घेऊन फ्रान्स, मेसोपोटेमिया आणि ब्रह्मदेशात लढाया केल्या. पण १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत जनरल डायरच्या हुकमाने झाडलेल्या १६५० गोळ्याही .३०३ च्याच होत्या. हंटर समितीने त्यात ३७९ मृत्यू नोंदवले. प्रत्यक्ष आकडा त्याहून मोठा असल्याचे भारतीय बाजूने कायम सांगितले गेले. रायफलीवरच्या खुणा तिचा कारखाना आणि साल सांगतात. ती कोणावर रोखली गेली, हे सांगत नाहीत.

पुढे काय?

जिथे ती हौसेची वस्तू आहे, तिथे तिचे मोल वाढतच जाण्याची चिन्हे आहेत, कारण नव्या रायफली बनत नाहीत आणि मूळ रूपातल्या कमी होत आहेत. काडतुसे मात्र काही खासगी कंपन्या आजही बनवतात. भारतात तिचे स्थान हळूहळू कवायतीचे मैदान, संग्रहालय आणि मानवंदना इथपर्यंत आक्रसत आहे. शस्त्र टिकाऊ असले म्हणजे ते कालबाह्य होत नाही, असे नाही. शौकिनाला हा फरक परवडतो, कारण रेंजवर समोर कागदी लक्ष्य असते. फलाटावर पहारा देणाऱ्या शिपायासाठी तो जिवाचा प्रश्न असतो.