जुने कर्ज, नवी सही

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न झालेल्या रोख्यांवरील दाव्यांना तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा होता. परंतु सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागले. अशा साचत आलेल्या रागाचा भडका १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उडाला आणि सावकारांची दप्तरे जळाली.

आजचा १९६३ चा कायदा सुप्याला तसाच म्हैसूरजवळच्या कडकोळलाही लागू आहे. साध्या उसनवारीच्या दाव्याची मुदत सामान्यतः तीनच वर्षे. मुदतीच्या आत सहीनिशी दिलेली कबुली ती नव्याने सुरू करते; मुदत संपल्यावर दिलेले सहीचे लेखी वचनही बंधनकारक ठरते. म्हणून वसुलीदाराने कोर्टाचा धाक घातल्यास ऋणकोने आधी कागदावरील तारीख पाहावी, मगच लेखणी उचलावी. समन्स आल्यास मात्र हजर राहावेच.